रातोरात सायकलवर जाऊन पूल वाचवणारा इंजिनिअर, ज्याच्या तंत्रावर आज नागपूरची मेट्रो धावतेय

नागपुरात वर्धा रोडनं एअरपोर्टकडे निघालं की डोक्यावर दोन मजले दिसतात. खाली नेहमीचा रस्ता, त्याच्यावर हायवेचा उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. हे सगळं रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या खांबांच्या एकाच रांगेवर. ३.१४ किलोमीटरच्या या डबल डेकर पुलाची गिनीज बुकात नोंद झाली, तेव्हा अख्ख्या नागपूरनं त्याचे फोटो स्टेटसला ठेवून झाले.

पण मेट्रोचा पूल खालून जरा निरखून बघितला तर एक गोष्ट लक्षात येते. दोन खांबांच्या मधला भाग एकसंध नाहीये. ठराविक अंतरावर बारीक रेघा दिसतात. म्हणजे काँक्रीटचे मोठमोठे पोकळ तुकडे एकाला एक लावून तो पूल तयार केलाय. खांब सोडले तर खालून कसलाही आधार नाही. वरून मेट्रो धडधडत जाते. मग हे तुकडे खाली का पडत नाहीत?

कारण त्यांच्या आतून पोलादी केबल गेलेल्या आहेत आणि त्या केबल प्रचंड जोरानं ताणून दोन्ही टोकांना पकडून ठेवल्या आहेत. ताणलेली केबल परत आखडायला बघते आणि तसं करताना सगळ्या तुकड्यांना एकमेकांवर घट्ट दाबून धरते. वजन यायच्या आधीच काँक्रीटला असा दाब देऊन ठेवायचा, याला म्हणतात प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट. मराठी पुस्तकात याला पूर्वप्रतिबलित काँक्रीट असा भारदस्त शब्द आहे, साइटवर मात्र सगळे पीएससी म्हणून मोकळे होतात.

ही कल्पना चालते कशी, हे जगाला दाखवून देणारा माणूस होता यूजेन फ्रेसिने. फ्रान्सचा. इंजिनिअरिंग शिकलेल्या प्रत्येकानं परीक्षेपुरतं का होईना हे नाव लिहिलेलं असतं, पण त्याच्या आयुष्यात काय काय घडलं हे पुस्तकात येत नाही. दोन मार्कांच्या उत्तरात ते बसतही नाही म्हणा.

आधी त्याच्यासमोर अडचण काय होती ते बघू.

काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण आला की त्याचा जीव जातो. एखाद्या तुळईवर वजन ठेवलं की ती मधोमध किंचित वाकते. वाकली की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. खालच्या भागात तडा जातो. म्हणून तिथे लोखंडी सळ्या टाकतात. आपल्या घराच्या स्लॅबमध्ये असतात त्याच. सळई ताण घेते, काँक्रीट दाब घेतं आणि काम भागतं. पण यात एक गोम आहे. सळई पूर्ण जोर लावते तोपर्यंत काँक्रीटला बारीक तडे गेलेले असतात. शिवाय दोन खांबांमधलं अंतर वाढवायचं तर तुळई जाड करावी लागते, जाड केली की तिचं स्वतःचंच वजन वाढतं आणि एका टप्प्यानंतर ती बिचारी स्वतःचंच ओझं वाहत बसते.

आता दहा-बारा पुस्तकं आडवी ओळीत धरून बघा. दोन्ही बाजूंनी तळहातांनी जोरात दाबलं तर अख्खी ओळ उचलता येते. वर अजून एक पुस्तक ठेवलं तरी पडत नाही. पुस्तकांना कुणी डिंक लावलेला नाही, फक्त आधीच दिलेला दाब आहे. खालच्या कडेला ताण येतो, पण तो आधीच्या दाबातून वजा होतो. दाब शिल्लक आहे तोवर फट पडत नाही.

आपल्याकडे खेड्यातल्या लोहाराला ही गोष्ट शेकडो वर्षं माहीत होती. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना तो ती आधी लालबुंद तापवायचा, फुगलेली धाव चाकावर बसवायचा आणि वरून पाणी ओतायचा. धाव थंड होऊन आखडली की चाकाचे सगळे लाकडी तुकडे एकमेकांत असे आवळले जायचे की खडकाळ रस्त्यावरही चाक निखळत नसे.

मग काँक्रीटच्या बाबतीत हे कुणाला सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. अमेरिकेत जॅक्सन नावाच्या इंजिनिअरनं १८८६ साली आणि जर्मनीत डोरिंगनं १८८८ साली सळ्या ताणून काँक्रीटमध्ये बसवायच्या कल्पनेचे पेटंट घेतले होते. पण या प्रयत्नांतून हाती काही लागलं नाही. सुरुवातीला दिलेला दाब काही महिन्यांत गायब व्हायचा. तो कुठे जातो हे कुणालाच कळत नव्हतं.

फ्रेसिनेला ते कळलं, पण त्यासाठी त्याला एक पूल जवळजवळ गमवावा लागला.

यूजेन फ्रेसिनेचा जन्म १३ जुलै १८७९ चा. फ्रान्सच्या कोरेझ भागातलं ओब्जा हे त्याचं गाव. डोंगराळ मुलूख, शेतकरी आणि कारागिरांची वस्ती. पुढे कुटुंब पॅरिसला गेलं, पण पोराचं मन शहरात कधी रमलं नाही. सुट्टी लागली की तो गावाकडे पळायचा आणि तिथल्या सुतार-लोहारांच्या मागे मागे फिरायचा. हातानं काम करून वस्तू समजून घ्यायची सवय तिथे लागली ती आयुष्यभर राहिली.

पॅरिसच्या नामांकित पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळवायला गेला तर पहिल्या वर्षी नापास. दुसऱ्या वर्षी घेतला, पण १६१ व्या नंबरावर. तिथून तो पूल आणि रस्त्यांच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात गेला. तिथे राब्यू नावाचे प्राध्यापक सळईच्या काँक्रीटचा विषय शिकवायचे. काँक्रीटला आधीच दाब देऊन ठेवता येईल का, हा किडा फ्रेसिनेच्या डोक्यात वळवळायला लागला तो याच काळात, म्हणजे १९०३-०४ च्या सुमारास. तेव्हा तो पंचविशीतही नव्हता.

१९०५ साली मुलें या छोट्या शहरात सरकारी इंजिनिअर म्हणून त्याची नेमणूक झाली. काम काय, तर आजूबाजूच्या गावांना छोटे पूल बांधून द्यायचे. गावांकडे पैसे नसायचे. त्यामुळे कमी मालात, कमी खर्चात पूल उभा करायची खटपट रोजचीच. यातच त्यानं एक शक्कल काढली. कमानीचा पूल बांधताना खाली लाकडी आधार लावतात आणि काँक्रीट पक्कं झाल्यावर तो काढतात. आधार काढताना कमान एकदम बसण्याची धास्ती असते. फ्रेसिनेनं कमानीच्या माथ्यावर, अगदी मधोमध फट ठेवली. त्या फटीत जॅक बसवले. जॅकनं दोन अर्ध्या कमानी एकमेकींपासून ढकलल्या की कमान आपोआप वर उचलली जायची आणि आधारापासून अलगद सुटायची. ही युक्ती पुढे त्याचीच अब्रू वाचवणार होती.

मुलेंजवळून आलिए नावाची नदी वाहते. तिच्यावरचे तीन पूल नव्यानं बांधायचे होते. मेर्सिए नावाच्या एका ठेकेदारानं फ्रेसिनेचं काम बघितलेलं होतं. त्यानं सरकारपुढे भन्नाट प्रस्ताव ठेवला. एका पुलासाठी सरकारनं जेवढा खर्च धरलाय तेवढ्यात तिन्ही पूल बांधून देतो, धोका माझा, अट एकच, डिझाइन आणि देखरेख फ्रेसिनेची. सरकारनं मान्य केलं. एक तरुण सरकारी नोकर स्वतःच डिझाइन करणार, स्वतःच बांधून घेणार आणि सरकारतर्फे स्वतःच तपासणार, असा हा कारभार. आज असं टेंडर निघालं तर दुसऱ्या दिवशी चौकशी लागेल.

मोठं काम हातात घेण्याआधी त्यानं मुलेंला ५० मीटरची एक चाचणी कमान बांधली. कमानीचे पाय बाहेरच्या बाजूला फाकायला बघतात, म्हणून दोन्ही पाय कडक पोलादी तारांच्या जुडग्यानं एकमेकांना बांधले आणि त्या तारा सुमारे २५०० टनांच्या जोरानं ताणल्या. साल होतं १९०८. प्रीस्ट्रेसिंगचा हा त्याचा पहिला मोठा प्रयोग. फक्त तेव्हा त्याला ते नाव नव्हतं.

तीन पुलांपैकी ल व्हर्द्रचा पूल त्याचा सगळ्यात लाडका. सुमारे ७२ मीटरच्या तीन कमानी, अत्यंत चपट्या, बघणाऱ्याला वाटावं की नदीवर पट्टीच ठेवलीय. पूल झाला, लोकांनी कौतुक केलं, वाहतूक सुरू झाली.

आणि काही महिन्यांनी पूल खचायला लागला.

एकदम नाही. हळूहळू, रोज थोडा थोडा. कमानींचे माथे खाली येत होते. सुरुवातीला त्यानं दुर्लक्ष केलं, पण वेग कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालला. सुमारे १३ सेंटीमीटर. पुलाच्या सरळ कठड्याला पोट आलेलं आता नुसत्या डोळ्यांना दिसायला लागलं. एवढ्या चपट्या कमानीत माथा अजून थोडा खाली गेला असता तर तिन्ही कमानी नदीत गेल्या असत्या. वरून माणसं, गाड्या जात होत्या.

त्या काळच्या सरकारी नियमांत आणि पुस्तकांत स्पष्ट लिहिलेलं होतं की काँक्रीट ठराविक वजनाला ठराविक आखडतं आणि मग तिथेच थांबतं. म्हणजे जे डोळ्यांसमोर घडत होतं ते पुस्तकाप्रमाणे घडूच शकत नव्हतं. वरिष्ठांना कळवायचं तर कागद फिरणार, समिती बसणार, तोवर पूल राहणार नाही. फ्रेसिनेनं कुणालाच सांगितलं नाही. एका रात्री तो सायकलवर बसला आणि ल व्हर्द्रला पोचला. सोबत विश्वासातली मोजकी माणसं. कमानीच्या माथ्यावर जॅकसाठी ठेवलेल्या जागा अजून तशाच होत्या. त्यांत परत जॅक बसवले आणि एकेक करत तिन्ही कमानी वर उचलल्या. कठडा पुन्हा सरळ झाला. माथ्यावर हलता सांधा ठेवलेला होता, तिथे काँक्रीट भरून तो कायमचा बंद केला. पूल वाचला.

नोकरीच्या नियमात हे बसत नव्हतं आणि जॅक लावताना काही बिनसलं असतं तर माणसांसकट पूल गेला असता. त्याची जबाबदारी दुसऱ्या कुणावर टाकायची सोयही त्यानं ठेवलेली नव्हती.

पण त्या रात्रीनं त्याला एक गोष्ट शिकवली. काँक्रीट थांबत नाही. सतत दाब असेल तर ते वर्षानुवर्षं अगदी सावकाश दबत राहतं. पुस्तकांनी भरलेल्या जुन्या कपाटाची फळी कशी मधोमध झुकते, वजन तेवढंच असतं पण झोळ दरवर्षी वाढतो, तसंच. इंजिनिअर याला क्रीप म्हणतात. वरून, सुकताना काँक्रीट मुळातच थोडं आखडतं ते वेगळं.

आता जॅक्सन आणि डोरिंगच्या सळ्यांचं काय होत होतं ते हिशेबानं बघा. दहा मीटर लांबीची साधी लोखंडी सळई तिला झेपेल इतपत ताणली तर ती साधारण ७ मिलिमीटर लांब होते. तिच्या भोवतीचं काँक्रीट सुकून आणि दबून काही महिन्यांत जवळपास तेवढंच, म्हणजे ६ ते ८ मिलिमीटर आखडतं. ७ मधून ७ गेले, हाती शून्य. सळई पुन्हा सैल पडली, दाब संपला. पण साध्या लोखंडाऐवजी कितीतरी पट कडक पोलादाची तार घेतली आणि ती जबरदस्त ताणली, तर तीच दहा मीटरची तार साधारण ५० मिलिमीटर लांब होते. त्यातले ७ गेले तरी ४३ उरतात. म्हणजे बहुतेक दाब कायम राहतो.

म्हणजे कल्पना पहिल्यापासून बरोबर होती, पोलाद चुकीचं होतं. सोबत काँक्रीटही उत्तम प्रतीचं हवं, म्हणजे ते कमी दबेल. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचं अख्खं शास्त्र या वजाबाकीवर उभं आहे.

हे त्याच्या मनात पक्कं होऊनही प्रत्यक्षात यायला बरीच वर्षं गेली. मध्ये पहिलं महायुद्ध आलं. मग लिमुझां नावाच्या भागीदाराच्या कंपनीत त्यानं एकापेक्षा एक कामं केली. पॅरिसजवळ ओर्लीला हवाई जहाजांसाठी १७५ मीटर लांब, पातळ घडीदार काँक्रीटचे दोन प्रचंड हँगर. १९३० साली प्लुगास्तेलचा तीन कमानींचा पूल, प्रत्येक कमान १८० मीटरच्या आसपास. त्याचा लाकडी साचा बार्जवर तरंगत एका कमानीखालून दुसऱ्या कमानीखाली नेला होता. याच कामावर त्यानं क्रीपची बारकाईनं मोजमापं घेतली. काँक्रीट ओतल्यावर ते थरथरवून घट्ट करायचं, म्हणजे आज स्लॅब टाकताना कानठळ्या बसवणारा व्हायब्रेटर वापरतात ती पद्धत, तिच्यावरही त्याचं १९१७ सालचं पेटंट आहे.

२ ऑक्टोबर १९२८ ला त्यानं जाँ सेआय या सहकाऱ्यासोबत प्रीस्ट्रेसिंगचं पेटंट दाखल केलं. आणि मग पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नाव, पैसा, मान सगळं असताना त्यानं भागीदारी सोडली. भागीदाराला या नव्या खुळात पैसे घालायचे नव्हते. फ्रेसिनेनं स्वतःचे घातले.

मोंतार्जी गावात त्यानं विजेचे खांब बनवायचा कारखाना काढला. पोकळ, पातळ भिंतीचे, आत ताणलेल्या तारा असलेले काँक्रीटचे खांब. माल एक नंबर होता. काँक्रीट दाबून, थरथरवून, वाफेनं शेकवून काही तासांत पक्कं करायचं तंत्रही त्यानं तिथे बसवलं. पण तोवर जागतिक मंदी आली होती. खांब घ्यायला गिऱ्हाईकच नाही. कारखाना बुडाला आणि त्याच्यासोबत फ्रेसिनेची आयुष्यभराची कमाईही. युरोपातला सगळ्यात नावाजलेला पूलबांधणीवाला माणूस पन्नाशी ओलांडून रस्त्यावर आला.

इथून त्याला बाहेर काढलं एका बुडत्या इमारतीनं.

ल हाव्र बंदरात अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांसाठी नवंकोरं टर्मिनल बांधलं होतं. नॉर्मांदी हे फ्रान्सचं अतिभव्य जहाज तिथे लागणार होतं. पण टर्मिनल गाळावर उभं होतं आणि ते खचायला लागलं. महिन्याला सुमारे २५ मिलिमीटर. उपाय कुणालाच सापडत नव्हता. फ्रेसिनेनं सांगितलं की मी वाचवतो. त्यानं इमारतीखाली पोकळ काँक्रीटच्या खांबांचे तुकडे जागेवरच ओतले, वाफेनं काही तासांत पक्के केले आणि इमारतीच्याच वजनाचा जोर घेऊन जॅकनं ते जमिनीत खोल ढकलले. एक तुकडा गेला की त्याच्यावर दुसरा. पाया प्रीस्ट्रेसनं बांधून एकजीव केला. टर्मिनल थांबलं. मोंतार्जीच्या बुडीत कारखान्यात शिकलेलं सगळं इथे कामाला आलं.

हे काम बघायला आलेल्या एदम कांपनों या बड्या ठेकेदारानं त्याला आपल्याकडे ओढलं. त्यानंतर फ्रेसिनेला पैशांची आणि कामाची कमतरता कधी पडली नाही.

तरीही एक अडचण उरली होती. ताणलेली तार पकडून कशी ठेवायची? कारखान्यात दोन मजबूत खुंटांमध्ये तारा ताणायच्या, भोवती काँक्रीट ओतायचं आणि ते पक्कं झालं की तारा टोकाला कापायच्या, हे जमतं. तार काँक्रीटला घट्ट चिकटलेली असते, ती आखडायला बघते आणि दाब काँक्रीटमध्ये उतरतो. याला प्री-टेन्शनिंग म्हणतात, म्हणजे ताण आधी, काँक्रीट नंतर. मोंतार्जीचे खांब या जातीचे. नागपूर स्टेशनवर दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा असे दोन मोठे मार्ग एकमेकांना छेदतात, तिथे रुळाखाली दिसणारे काँक्रीटचे स्लीपरही याच जातीचे. त्या अडीचशे किलोहून जास्त वजनाच्या एकेका स्लीपरच्या आत पिळलेल्या पोलादी तारांच्या १८ दोऱ्या ताणलेल्या असतात. रोज हजारो टनांच्या मालगाड्या वरून गेल्या तरी तो तडकत नाही.

पण पुलाची तीस-चाळीस मीटरची तुळई कारखान्यात करून ट्रकवर घालणं सोपं नाही. तिथे उलटं करावं लागतं. काँक्रीट आधी ओतायचं, त्यात नळीसारख्या वाटा सोडायच्या, पक्कं झाल्यावर त्यांतून केबल ओवायची आणि जॅक काँक्रीटलाच टेकवून केबल ताणायची. हे पोस्ट-टेन्शनिंग. यात केबलचं टोक पकडणं हीच खरी मेख. १९३९ साली फ्रेसिनेनं त्यावर उपाय काढला आणि तो इतका सोपा होता की हसू यावं. गाजरासारखी निमुळती खुंटी आणि तिच्या मापाचं निमुळतं भोक. भोकाच्या कडेनं १२ तारा गोल लावायच्या, एकाच जॅकनं त्या एकदम ताणायच्या आणि त्याच जॅकनं खुंटी आत दाबायची. तारा मागे सरकायला बघतात तशी खुंटी अजून घट्ट रुतते. जेवढा ताण जास्त, तेवढी पकड पक्की. जगभर प्रीस्ट्रेसिंग पसरलं ते या खुंटीमुळे. आजही वापरात असलेली पाचर याच तत्त्वावर चालते.

या साधनावर त्यानं मार्न नदीवर ल्युझांसीचा पूल घेतला. ५५ मीटरचा एकच गाळा. काम १९४१ साली सुरू झालं, पण दुसऱ्या महायुद्धामुळे १९४६ उजाडलं. हा पूल त्यानं तुकड्यातुकड्यांत बनवला. काठावर तुकडे ओतले, केबलमध्ये मण्यांसारखे ओवून आवळले आणि तयार तुळया उचलून नदीवर ठेवल्या. पाठोपाठ मार्नवरच ७४ मीटरचे आणखी पाच पूल, सगळे एकाच कारखान्यातल्या तुकड्यांचे.

नागपूरच्या मेट्रोतल्या त्या रेघांचं मूळ इथे आहे. तिथे तुकडे कास्टिंग यार्डात ओतले जातात, एकाच्या तोंडाला लावून पुढचा, म्हणजे दोघांचे खाचेखोचे तंतोतंत जुळतात. पुलावर भलीमोठी लोखंडी लाँचिंग गर्डर असते. ती एका गाळ्याचे सगळे तुकडे हवेत टांगून धरते. सांध्यांना इपॉक्सी लावतात, केबल ओवतात, जॅकनं ताणतात. जॅक चालू असताना त्याच्या पाठीमागे उभं राहायला सक्त मनाई असते, कारण तार सुटली तर गोळीसारखी येते. ताणून झालं की तुकड्यांची माळ स्वतःच्या जोरावर उभी राहते आणि गर्डर पुढच्या गाळ्याकडे सरकते. खाली रस्त्यावरची वाहतूक फारशी अडत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. मात्र सगळीकडे हेच चालतं असंही नाही. कामठी रोडवर गड्डीगोदामला रेल्वे ओलांडताना पोलादी पूलच वापरलाय.

शेवटचं काम दिसायला किरकोळ, पण सगळ्यात जबाबदारीचं. केबलच्या नळीत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबानं भरतात. याला ग्राउट म्हणतात. त्यानं केबल काँक्रीटशी एकजीव होते आणि हवा-पाण्यापासून वाचते. नळीत पोकळी राहिली आणि ओल शिरली की गंज सुरू होतो, बाहेरून काहीच दिसत नाही. ताणलेली तार गंजली तर साध्या सळईसारखी इशारे देत बसत नाही, तुटते. पणजीत मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला, त्याच्या कारणांत केबलच्या गंजाचं नाव येतं. मुंबईला वाशीशी जोडणाऱ्या ठाणे खाडीच्या जुन्या पुलाच्याही केबल खाऱ्या हवेनं गंजल्या, तिथे नंतर बाहेरून वेगळ्या केबल लावून ताण द्यावा लागला. केबल काँक्रीटच्या पोटात न ठेवता बाहेर ठेवायची ही पद्धतही आता रूढ आहे. तपासता येते, बदलता येते. आणि केबल सरळच असावी असंही नाही. गोल टाकीभोवती ती कडबोळ्यासारखी फिरवली की टाकी आवळली जाते. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीचं आतलं कवच प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचंच आहे.

भारतात हे तंत्र लवकर आलं. फाळणीनं आसामचा रेल्वेमार्ग तुटला, तेव्हा घाईनं नवा मार्ग टाकताना १९४९ च्या सुमारास देशातले पहिले प्रीस्ट्रेस्ड पूल बांधले गेले. १९५४ साली तमिळनाडूत पालार नदीवर रस्त्याचा पूल झाला. १९६० मध्ये प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटसाठी भारताची स्वतःची प्रमाणसंहिता आली, आयएस १३४३. त्याच वर्षी नागपुरात विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, आजचं व्हीएनआयटी.

फ्रेसिने तेव्हा ऐंशी पार करून गेला होता. सत्तरीनंतरही त्याची कामं थांबली नव्हती. व्हेनेझुएलात काराकासला बंदराशी जोडणाऱ्या महामार्गाचे पूल, लूर्दचं जमिनीखालचं विशाल चर्च, हे सगळं म्हातारपणातलं. ८ जून १९६२ ला फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या डोंगरातल्या सें-मार्तां-व्हेझ्युबी गावात तो गेला. त्याच सुमारास त्याच्या हाताखाली तयार झालेला जाँ म्युलर पॅरिसजवळ श्वाझी-ल-र्वाचा पूल बांधायला घेत होता. एका तुकड्याच्या तोंडाला लावून पुढचा तुकडा ओतायची पद्धत त्या पुलानं रूढ केली.

ओर्लीचे हँगर १९४४ च्या बॉम्बफेकीत गेले. ल व्हर्द्रचा पूल, ज्याच्यासाठी तो रात्री सायकल मारत गेला होता, तोही दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाला. पण त्या तीन पुलांमधला व्हिशीजवळचा बुतिरोंचा पूल अजून उभा आहे. ल व्हर्द्रचा धडा घेऊन त्यानं तिथे कमानीच्या माथ्यावर सांधा ठेवलाच नव्हता. त्याच्यावरून आजही गाड्या जातात.